काचेतला हौदा

१

सकाळी उठल्यावर अनुजा चूळ भरायच्याही आधी टाकीत पाणी घालायची.

माशांच्या टाकीतलं पाणी रोज थोडं थोडं उडून जातं. वर दिवा, आत फिल्टरची खळखळ, त्यात पाऊस सरल्यावरचं कोल्हापूरचं ऊन. सकाळपर्यंत काठाखाली बोटभर काच कोरडी पडलेली असते. म्हणून तोंडात ब्रश धरूनच ती समोरच्या खोलीत यायची, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतनं तांब्या बुडवायची आणि पाणी डाव्या पंज्यावरनं हळू आत सोडायची, म्हणजे वाळू उडत नाही. त्या वेळी कुणी काही विचारलं तर 'ऊं' एवढंच उत्तर मिळायचं. दिवसभरात तेवढाच वेळ आमची पोरगी कुणाशी भांडत नाही, असं तिचे वडील विजयसिंह पाव्हण्यारावळ्यांना सांगायचे.

टाकी साधीसुधी नव्हती. दिवाणाएवढी लांब होती. लोखंडी स्टँडवर ती चढवली त्या दिवशी अनुजाच्या आजोबांनी, म्हणजे हंबीरराव आबांनी, समोरच्या कॉटवर बसल्याबसल्या तिला नजरेनं मापलं होतं आणि म्हणाले होते, “गडी निजंल की गं ह्यात.”

त्या टाकीवर अनुजाचं सगळं ठरणार होतं. वनस्पतीशास्त्रात पदवी घेऊन पोरगी घरात बसून डबक्यात गवत लावते, हे विजयसिंहांना पटत नव्हतं. त्यांनी ओळखीनं एका पतसंस्थेत तिच्यासाठी काउंटरची जागा बघून ठेवली होती. अनुजानं महिनाभर घर डोक्यावर घेतल्यावर तह झाला तो असा: लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर धैर्यशील नव्या दवाखान्यासाठी अशी पाणवनस्पतींची टाकी शोधत होते आणि दिवाळी झाल्यावरच्या रविवारी घरी येऊन अनुजाचं काम बघणार होते. त्यांनी काम दिलं, तर पतसंस्थेचं नाव घरात परत निघणार नाही. नाही दिलं, तर सोमवारपासून अनुजा निमूटपणे काउंटरवर बसेल. 'निमूटपणे' हा शब्द विजयसिंहांनी खास घातला होता, कारण अनुजानं जन्मात कुठलीच गोष्ट निमूटपणे केली नव्हती.

आता टाकीच्या तळाशी माती लागते. रोपांच्या मुळांना खाऊ म्हणून खाली मातीचा थर आणि ती पाण्यात विरघळू नये म्हणून वर वाळू. दुकानातली तयार माती बाहेरनं पाकिटात येते आणि मनाला पटत नाही. अनुजाला मात्र माती कुठं आहे ते ठाऊक होतं. गल्लीच्या टोकाला जी तालीम होती, तिथं कुस्तीचा हौदा बुजवून मॅट अंथरली होती आणि हौद्यातली सगळी लाल माती मागच्या बोळात ढीग करून टाकली होती. पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबं मुरवलेली. घामाचं तर विचारूच नका. अनुजा आणि तिची मैत्रीण शिवानी चाळण घेऊन गेल्या आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांतनं मोपेडवर माती घेऊन आल्या. लोण्यासारखी मऊ होती. वास असा, की शिवानी म्हणाली, “रोपांचं काय घेऊन बसलीस, मीच खातो.”

आबांनी मात्र पोती बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांचं उभं आयुष्य त्याच मातीत गेलं होतं, आधी पैलवान म्हणून, मग वस्ताद म्हणून.

“त्या मातीवर पाणी वतणार व्हय तू?”

“व्हय. आणि वाळूपण घालणार.”

“आणि उकरणार कवा?”

उकरायचीच नसते, असं अनुजानं त्यांना सांगितलं. एकदा दाबून बसवली की टाकीतल्या मातीला हात लावायचा नाही. हलली की पाणी गढूळ होतं, मासे मरतात, केलेलं सगळं पाण्यात जातं. हे तिनं बरंच मोठ्यानं सांगितलं, कारण आबांना कमी ऐकू यायचं आणि तिला कमी धीर होता. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

“आमचा नेम उलटा हाय बाळ,” ते म्हणाले. “ती माती रोज उकरावी लागती. न्हाई उकरली तर तिला करमत न्हाई.”

मातीला करमत नाही. अनुजानं शिवानीकडं बघून डोळे फिरवले आणि पहिलं घमेलं टाकीत ओतलं.

२

पहिल्या आठवड्यात काचेवर तपकिरी साय धरली. ते होतंच, नव्या टाकीला. मग हिरवं आलं. मग पाणीच असं झालं, की नाक्यावरच्या गुऱ्हाळवाल्यानं ग्लासात भरून विकावं.

शेवाळ म्हणजे आगंतुक पाव्हणा. जेवण जास्त, उजेड जास्त आणि घरची रोपं अजून अंगानं भरलेली नाहीत, हे बघितलं की पथारी टाकतो. अनुजाला त्याचे सगळे प्रकार नावानिशी ठाऊक होते. परीक्षेत तिनं त्यांच्या सुबक आकृत्या काढून मार्क मिळवले होते. आता ते प्रकार एकेक करून तिच्या घरी हजेरी लावत होते. काचेवर ठिपके, दगडांवर गालिचा, आणि पन्हाळ्याच्या उतारावरनं आणलेल्या त्या सुंदर वाकड्या लाकडावर हिरव्या केसांच्या जटा.

पण खरं सांगायचं तर ते दिवस फार मजेचे होते. शिवानी सकाळी शिकवणीची पोरं घालवून यायची. ती रसायनशास्त्रवाली, त्यामुळं पाण्याच्या तपासण्या तिच्याकडं. अनुजा टूथब्रशला जटा गुंडाळून ओढायची, शेवयांसारखा भारा निघायचा, तो एकमेकींच्या अंगावर फेकायच्या. दिवा कमी वेळ लावून बघितला, निम्मं पाणी बदलून बघितलं. रोपांना जोर यावा म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत यीस्ट घालून त्याचा वायू नळीनं आत सोडला. सगळे त्यात साखर घालतात, ह्या दोघींनी गूळ घातला आणि दोन दिवसांनी बाटलीचं टोपण छताला लागलं. गोगलगाई आणल्या, तांबडे इवले झिंगे आणले, निळ्या पट्ट्यांच्या टेट्रा माशांचा थवा सोडला. शेवाळ काही हटेना.

विजयसिंह रोज सकाळी पेपर हातात घेऊन त्या हिरव्या पाण्यासमोर उभे राहायचे आणि पेपरातली बातमी वाचावी तसं म्हणायचे, “पतसंस्थेत एसी बसवलाय म्हणे.”

आणि कॉटवरनं आबा म्हणायचे, “उकरा की रं कुणीतरी.”

कुणाशी आधी भांडावं तेच अनुजाला कळायचं नाही.

३

दिवाळीच्या आधी एका सकाळी ती ब्रश तोंडात धरून तांब्या बुडवायला वाकली आणि थांबली. काठाखाली रोजच्याइतकी कोरडी काच नव्हती. रात्रीत पाणी उतरलंच नव्हतं.

हवा दमट असेल, तिनं ठरवलं. दुसऱ्या सकाळी पाणी काठाच्या आणखी जवळ होतं. तिनं बाहेरनं काचेला चिकटपट्टीची खूण लावली. तिसऱ्या सकाळी खूण पाण्याखाली होती आणि फरशीवर टाकीच्या पायाशी ओल होती. बादली मात्र काठोकाठ भरलेली, जशी ठेवली होती तशी. आणि दुपार होईस्तोवर पाणी गुपचूप परत खुणेच्या खाली गेलेलं.

शिवानी म्हणाली, टाकी कलली असेल. दोघींनी स्टँडवर गवंड्याची पाणसळ ठेवून बघितली, कललेली नव्हती. शिवानी म्हणाली, गरम झालं की पाणी फुगतं. अनुजा म्हणाली, फरशीवर सांडण्याइतकं?

“मग काय म्हणणं आहे तुझं?”

“भांड्यातलं पाणी वर यायला दोनच कारणं असतात. एक तर वरनं कुणीतरी पाणी घातलं. नाहीतर आत कुणीतरी...”

तिनं वाक्य अर्ध्यातच सोडलं, कारण ते मूर्खासारखं होतं. शाळेत सातवीला शिकवतात ते: भरल्या भांड्यात वस्तू बुडवली की पाणी वर येतं. फक्त त्यांच्या टाकीत कुणी काही बुडवलेलं नव्हतं.

मग वाळू. पांढरी वाळू तिनं मागं उंच, पुढं उतरती अशी हातानं सारवून घेतली होती. एका सकाळी तिच्यावर नांगरटीसारखे लाल तास उठले होते. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत, सरळ, सारख्या अंतरावर, खोऱ्यानं ओढावेत तसे. खालची माती वर आली होती. म्हणजे पाणी चिखल व्हायला हवं होतं. पाणी आदल्या दिवसापेक्षा स्वच्छ होतं. उपटून पडायला हवी होती ती रोपं पुन्हा नीट रोवलेली होती, आणि त्यांना पहिल्यांदाच नवी, लाल कोवळी पानं फुटली होती.

समोरच्या काचेवरचं शेवाळही एकाच ठिकाणी पुसलेलं होतं. मधोमध, वर रुंद, खाली निमुळतं. पुसणाऱ्यानं कापडानं पुसलं असतं तर रेघा दिसल्या असत्या. हे तसं नव्हतं. घामेजल्या अंगानं कुणी भिंतीला पाठ टेकून बसला आणि उठून गेला, की भिंतीवर राहतो तसा तो डाग होता.

गोगलगाई, अनुजा स्वतःला म्हणाली. गोगलगाई फार खातात.

पण तिनं त्या दिवशी ब्रश बेसिनजवळ जाऊन केला.

४

गोगलगाईंवर खापर फोडून भागेना, तेव्हा तिनं आबांवर फोडलं. समोरच्या खोलीत रात्री झोपतं कोण? आबा. माती उकरा म्हणून जीव खातं कोण? आबा. वय झालं की माणसाला वाटतं, आपलंच खरं, आणि पोरींच्या कामाला हात लावायला परवानगी कशाला. हे सगळं ती त्यांच्या तोंडावर बोलली, आणि बरंच आणखी.

आबांनी आपला उजवा हात खांद्यापर्यंत उचलून दाखवला. त्याच्यावर तो जातच नव्हता, कित्येक वर्षं. टाकीचा काठ त्यांच्या वाकलेल्या खांद्यांच्या उंचीला होता.

“मी कशाला उकरू?” ते शांतपणे म्हणाले. “उकरणारा हाय की.”

अनुजाला तो टोमणा वाटला. दुसऱ्याच दिवशी तिनं विजयसिंहांना गाडी काढायला लावली आणि आबांची रवानगी कोडोलीला, धोंडुबाई आत्याकडं केली. रविवार होईपर्यंत. आबांनी कुरकुर केली नाही. लेकीच्या हातचं मटण मिळणार म्हणून उलट खुशीत होते. मात्र निघताना त्यांनी चपला काढल्या, टाकीजवळ गेले, खालच्या लोखंडाला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली, तालमीच्या उंबऱ्यावर करायचे तसं. शिवानीसमोर अनुजाला लाज वाटली.

त्या रात्री तिनं समोरच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली उशाखाली ठेवली. सकाळी फरशीवर पाणी होतं. तास नव्यानं ओढलेले होते, आदल्यापेक्षा खोल. टेट्रांचा थवा टाकीच्या ह्या टोकाकडनं पोहत निघाला, मधे आला, तिथं काहीतरी असावं तसा दुभंगला, दोन्ही बाजूंनी वळसा घालून पलीकडं जुळला. मधे स्वच्छ पाण्याशिवाय काही नव्हतं. मासे परत फिरले. परत दुभंगले.

अनुजा बराच वेळ उभी राहिली. तिच्या छातीत काहीतरी उड्या मारत होतं. ती भीती होती हे तिला कळत होतं. नवल हे, की ती नुसती भीती नव्हती. शाळेत खो-खोच्या अंतिम सामन्याआधी पाटीवर उकिडवं बसलं की असंच व्हायचं.

५

रविवार चार दिवसांवर आला तरी लाकडावरच्या जटा आणि पानांवरची साय जाईना. शेवाळावरचा शेवटचा उपाय अंधार. टाकी पूर्ण झाकून ठेवायची, उजेडाचा कण आत जाऊ द्यायचा नाही. रोपं साठवलेल्या अन्नावर तग धरतात, शेवाळ उपाशी मरतं. मात्र एकदा झाकलं की मधे उघडून बघायचं नाही.

दोघींनी आबांचं काळं घोंगडं टाकीवर घातलं आणि खालनं दोरीनं आवळलं.

पहिल्या दिवशी दुपारी, चहा उकळत असताना, शिवानीनं मान वर केली. खोलीतनं आवाज आला होता. धप्प. उघड्या मांडीवर पालथ्या पंज्याची थाप बसावी तसा. थोडा वेळ गेला. मग टाकीच्या दुसऱ्या टोकाकडनं उत्तर द्यावं तशी दुसरी थाप.

“गॅस,” शिवानी म्हणाली. “मातीत हवा नसली की गॅस साठतो. बुडबुडा फुटतो.”

“एवढा?”

“तालमीच्या मातीतला बुडबुडा आहे, पैलवानच असणार.”

दोघी हसल्या. शिवानीनं जाऊन घोंगड्याला कान लावला. लगेच काढला. चहा पिताना तिनं आपली खुर्ची फिरवून घेतली, टाकीकडं पाठ होणार नाही अशी.

दुसऱ्या दिवशी घोंगडं हलत होतं. सावकाश फुगायचं, सावकाश बसायचं. फिल्टरचा प्रवाह, अनुजा म्हणाली, आणि फिल्टरचं बटण बंद केलं. घोंगडं फुगलं. बसलं. खोलीत हळदीचा आणि तेलाचा वास भरला होता, आणि त्याखाली आणखी एक, गरम, माणसाचा. काचेला हात लावला तर कोमट लागत होती. दर थापेला घोंगड्याखालनं पाणी निसटून फरशीवर यायचं. दोघी गुडघ्यांवर बसून पुसत होत्या, पुन्हा येत होतं, पुन्हा पुसत होत्या, आणि एका थापेला दोघी एकदमच दचकल्या आणि त्यांना हसू फुटलं. वर्गात सर चिडलेले असताना फुटतं तसं, न आवरणारं, पोट दुखवणारं. अनुजा ओल्या फरशीवर आडवी पडून हसली.

“उघडून बघू?” शिवानीनं डोळे पुसत विचारलं.

“आत उजेड शिरला तर शेवाळ परत येतंय.”

शिवानीनं मान हलवली. कारण ते नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

६

रविवारी सकाळी डॉक्टर धैर्यशील आले. गोरेगोमटे, बोलघेवडे गृहस्थ. बरोबर त्यांची दोन पोरं. विजयसिंह इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते, हरलेल्या उमेदवाराच्या घरी भेटायला आल्यासारखे सभ्य. अनुजानं दोरी सोडली आणि घोंगडं ओढलं.

डॉक्टर दोन पावलं पुढं आले.

पाणी आहे हे कळत नव्हतं, इतकं ते निवळ होतं. काचेवर एक ठिपका नाही. वाकड्या लाकडावर लावलेलं मॉस गर्द मखमली, जटांचा मागमूस नाही. मागं लांब पात्यांचं गवत पार वरपर्यंत वाढून वाऱ्यावर डोलावं तसं डोलत होतं. ते वाढायला तीन महिने लागतात, ते तीन दिवसांच्या अंधारात वाढलं होतं. रोपं माणिकासारखी लाल. पानापानाच्या टोकाला मोत्याएवढे बुडबुडे. आणि तळाला वाळू राहिलीच नव्हती. सगळीकडं लाल माती, मऊ, भुसभुशीत, नुकतीच उकरून पायानं सारखी केल्यासारखी. तिच्यावर मासे असे फिरत होते, की जणू त्यांना कुणी जागा करून दिली आहे.

डॉक्टरांची पोरं काचेला नाकं लावून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, त्यांनी पुण्या-मुंबईला टाक्या बघितल्या, असली बघितली नाही. वाळू नाही, नुसती लाल माती, काय डोकं लावलंय. विजयसिंह खुर्चीतनं उठून जवळ आले. ते टाकीकडं बघत नव्हते, लेकीकडं बघत होते.

“हीच द्या मला,” डॉक्टर म्हणाले. “नवी-बिवी नको. उद्या माणसं पाठवतो, अशीच्या अशी उचलून दवाखान्यात. पोरं रडायचं विसरतील.”

झालं होतं. हो म्हणायचं, बस्स. अनुजा आनंदानं तरंगत होती. पुढच्या गवताचं एक पातं आडवं आलं होतं, ते छाटून दाखवावं म्हणून तिनं बाही सारली आणि उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

गवताच्या आड कुणीतरी तिचा पंजा धरला.

ओढलं नाही. दाबलं नाही. चार जाड बोटं मागनं, अंगठा पुढनं; खरखरीत, कोमट, मातीनं माखलेली पकड. नुसतं वजन बघितलं, समोरचा किती पाण्यात आहे ते अजमावावं तसं. पाणी काठावरनं अनुजाच्या पोटावर सांडलं. लांब पाती क्षणभर बाजूला झाली आणि त्यांच्या मधे तिला एक गुडघा दिसला, वाकवलेला, लालभडक मातीचा. काचेच्या पलीकडं, त्या गुडघ्याच्या समोरच, डॉक्टरांच्या धाकट्या पोराचं नाक चपटं झालेलं होतं. पोरगं माशांकडं बघून हसत होतं.

पकड सुटली. पाती मिटली.

अनुजानं हात बाहेर काढला. तळव्यावर लाल माती होती, आणि ती पाण्यानं धुतली गेली नव्हती.

“ही नाही देता येणार,” ती म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं, भाव वाढवते आहे. विजयसिंहांनी डोळे मिटून घेतले. अनुजाचा आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटत होता. ती सांगत होती, दुसरी करते, ह्याहून मोठी करते, संक्रांतीपर्यंत लावून देते, साध्या शेतातली माती घालून. पण ही टाकी ह्या घरातनं हलणार नाही. डॉक्टर म्हणाले, आणि नको म्हटलं तर? अनुजानं एकदा वडिलांकडं बघितलं. काउंटर, एसी, निमूटपणे.

“तर उद्या मी पतसंस्थेत असेन. पण ही नाही.”

डॉक्टर तिच्याकडं आणि टाकीकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी पोरांच्या माना धरून त्यांना काचेपासनं बाजूला केलं.

“दुकानदार पाहिजे असता तर दुकानात गेलो असतो,” ते म्हणाले. “स्वतःची विकत न्हाईस म्हणजे माझीपण जीव लावून सांभाळशील. कर संक्रांतीपर्यंत. पण पोरी, अशी पाहिजे बघ.”

ते गेल्यावर विजयसिंहांनी पतसंस्थेतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि घरात जाऊन बोलले. बाहेर आले ते हातात फडकं घेऊन. जन्मात पहिल्यांदा ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी फरशीवरचं पाणी पुसलं.

“गळती तेवढी काढून घे अनु,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, म्हणून त्यांनी मान वर केली नाही, आणि म्हणून काचेमागं पाती पुन्हा बाजूला झालेली त्यांनी बघितली नाहीत.

७

दुपारी अनुजानं कोडोलीला फोन केला. आबांना आधी कामाचं सांगितलं. ते इतके खुश झाले, की पलीकडं धोंडुबाई आत्या काय झालं, काय झालं, म्हणून ओरडत आली. मग अनुजानं आवाज बारीक करून दुसरंही सांगितलं. आबांना बारीक आवाज कधीच ऐकू यायचा नाही. हा आला.

“हात धरला?”

“धरला.”

“तू काढून घेतलास का त्यानं सोडला?”

अनुजानं आठवून बघितलं. “त्यानं सोडला.”

 फोनवर आत्याच्या गोठ्यातली म्हैस रवंथ करताना ऐकू येत होती.

“मग ती नुसती सलामी झाली,” ते म्हणाले. “आता त्यो थांबलाय तुझ्यासाठनं.”

कोण, असं तिनं विचारलं. आबा हसले; पोरासारखे, खुदकन. त्या मातीत किती गडी होऊन गेले, ते म्हणाले, एकाला आठवावं तर दुसरा ऱ्हायचा. उद्या सकाळच्या गाडीनं येतो म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

शिवानी घरी गेली होती. विजयसिंह पेढे आणायला गेले होते. खोलीत पश्चिमेचं ऊन आलं होतं आणि टाकीतनं गाळून भिंतीवर हिरवं, हलतं पसरलं होतं. भिंतीवरच्या त्या उजेडात गवताची लांब सावली डोलत होती, माशांच्या बारक्या सावल्या फिरत होत्या, आणि मधे एक रुंद सावली होती, जी हलत नव्हती.

धप्प.

 अनुजानं पळून जावं असं तिच्या शहाण्या डोक्यानं तिला स्वच्छ सांगितलं. तिनं केस वर बांधले. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. बाह्या दंडापर्यंत सारल्या, आणि तिला कळलं की आपण हसतो आहोत, कान लाल होईपर्यंत, कुणी बघितलं तर काय म्हणेल असं.

धप्प.

“थांब की,” ती म्हणाली. “आलो.”

ओल्या फरशीवर तिनं पाय रोवले आणि दोन्ही हात पाण्यात घातले. पाणी मनगटांपर्यंत आलं. कोपरांपर्यंत आलं. मग दंडांपर्यंत, मग गळ्यापाशी, आणि पायाखालची फरशी उकरलेल्या मातीसारखी मऊ लागली. अनुजा मात्र तसूभरही वाकली नव्हती.